थंड वाकवलेला पत्रा

मी एक जुना, वाकवलेला पत्रा आहे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. लांबी वीतभर, जाडी तीन मिलिमीटर आणि वजन इतकं कमी, की मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे बघतो. मित्रांनो, मला बघून आजवर कोणालाही भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

माझा जन्म झाकलेल्या कढईत झाला. आमची जात वितळली की उघड्या हवेत पेट घेते, म्हणून आम्हांला झाकूनच जन्माला घालतात. मग मला मोठ्या रुळांखाली लाटलं. पुन्हा लाटलं. माझ्या अंगातले कोट्यवधी बारीक कण त्या लाटण्याने एकाच अंगावर झोपले, पत्त्यांचा कॅट नीट लावून ठेवावा तसे. वरून पाहणाऱ्याला मी चंदेरी आणि गुळगुळीत दिसत होतो.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. आम्हांला थंड असताना वाकवलं, तर आतल्या बाजूच्या कणांना दाब सोसत नाही आणि ते एकदम कूस बदलतात. कूस बदलताना आवाज होतो. बारीक, सुक्या काडीसारखा. टिक्. बाहेरच्या बाजूच्या कणांना तर कूसही बदलता येत नाही. ते एकमेकांचे हात धरून ताठ उभे राहतात, आणि मग कुठेतरी एक हात सुटतो. मात्र वाकवण्याआधी आम्हांला भट्टीत अडीचशे अंशांची ऊब दिली, तर हेच कण सैल होतात, हवे तिकडे सरकतात, आणि आम्ही पुठ्ठ्यासारखे मुकाट वळतो. एवढ्या उबेवर आमचा सगळा जीव असतो.

मी ज्या कारखान्यात आलो तो मोठा नव्हता. उंच पत्र्याचं छप्पर, एका भिंतीला भट्टी, तिच्या शेजारी वाकवण्याची प्रेस, पलीकडे रंगाची खोली आणि खिडकीखाली एक लांब टेबल. भट्टी आणि प्रेस ज्यांच्या हाती होती त्यांना सगळे भट्टीकाका म्हणत. तीस वर्षं आगीजवळ उभं राहून त्यांच्या भुवया विरळ झाल्या होत्या आणि बोटांची टोकं दगडासारखी झाली होती. ते पत्र्यावर एका खास खडूची रेघ ओढायचे आणि तो भट्टीत सरकवायचे. रेघ वितळून तेलासारखी चकाकली की पत्रा तयार. "पत्र्याला आधी विचारायचं, मग वाकवायचं," असं ते नव्या कामगारांना सांगत. टेबलामागे तपासनीस ताई बसत. प्रत्येक खेपेतला एक नग त्या उचलत, त्याचं वळण चाचपून, ताणून, भिंगाखाली धरून पाहत. काका वयाने मोठे, पण ताईंनी नग हातात घेतला की शाळेतल्या मुलासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहत.

"काका, लोण्यातून सुरी फिरवलीत जणू," ताई म्हणायच्या, आणि काकांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

आम्ही चाळीस भावंडं होतो. आमच्यापासून स्ट्रेचरचे कान बनणार होते. डोंगरकड्यावरून किंवा उंच इमारतीवरून जखमी माणसाला खाली सोडायचं असतं ना, तेव्हा त्याला स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधतात आणि स्ट्रेचर उभं करून दोराने सोडतात. डोक्याकडच्या बाजूला एक वाकडा पत्रा असतो, त्याच्या भोकातून दोराची कडी जाते. तो कान. एक स्ट्रेचर, एक कान, एक दोर. बाकी सगळं त्या कानावर.

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बत्तीस कान वाकवून झाले. तेव्हा भट्टीने एक मोठा उसासा टाकला आणि तिची लाल कॉइल काळी पडली. काका तिला उघडून बघत होते तेवढ्यात फोन आला. शेजारणीचा. काकू स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या, त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

काका कारखान्याच्या साहेबांकडे गेले. साहेब दारातच भेटले.

"साहेब, कॉइल गेली. आठ राहिलेत. आणि घरून फोन आलाय, मला निघायला लागेल."

"निघा ना. पण गाडी पाचला सुटणार आहे. आठ पत्र्यांसाठी बत्तीस अडकवू?"

"उद्या सकाळी पहिल्या तासात देतो."

"उद्या सकाळी ही ऑर्डर दुसऱ्या कोणाची असेल, काका." साहेबांनी घड्याळ बघितलं. "तुमचा हात आहे. तुम्ही बघा काय ते."

काका परत आले. आम्ही आठ जण ट्रेमध्ये होतो, अंगावर खडूची रेघ घेऊन. कोरडी रेघ. काकांनी भट्टीच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "हळू वाकवला तर जाईल."

पहिल्यांदाच त्यांनी आम्हांला विचारलं नाही.

प्रेसचा पंच, म्हणजे तिचा दाबणारा ठोकळा, वरून उतरला आणि माझ्या पाठीला लागला. काका खरंच फार हळू वाकवत होते. माझ्या आत आवाज सुरू झाले. आधी एक. मग पाच. मग सुक्या पानांवरून कोणीतरी चालत यावं तसे. टिक् टिक् टिक्. पंच उठला तेव्हा मी थोडा उलगडलो, जेवढं उलगडावं त्याहून जास्त, म्हणून काकांनी मला पुन्हा दाबलं. तेव्हा माझ्या बाहेरच्या बाजूला, अगदी वळणावर, एक हात सुटला. केसाहून बारीक फट पडली. ती कोणाला दिसली नाही. मला कळली. थंडीत दार किलकिलं राहावं आणि आत कोणीतरी आलंय असं वाटत राहावं, तशी ती कळली.

माझ्यावर सदतीस हा आकडा ठोकला. तेहतीस ते चाळीस, आम्ही आठ.

रंगाच्या खोलीतून आम्ही छान करडे होऊन बाहेर आलो. काकांनी आम्हांला ट्रेच्या तळाशी ठेवलं आणि वर बत्तीस उबदार भावंडं रचली. ताईंनी वरचा एक उचलला, तपासला, मान डोलावली आणि सही केली. काका त्यांच्या तोंडाकडे बघायला थांबले नाहीत. आम्हांला खोक्यात भरलं. हमाल खिळे ठोकत होता, तो मध्येच थबकला.

"काका, आतून आवाज येतोय."

काका पिशवी घेऊन निघाले होते. ते वळले. खोक्यातून आवाज आला. टिक्.

"काही नाही," काका म्हणाले. "पत्रा थंड होतोय."

मित्रांनो, मी खोक्याच्या अंधारात ते ऐकलं. आम्ही आठ जण कधी गरम झालोच नव्हतो.

चाळीस कान चाळीस स्ट्रेचरला लागले आणि चाळीस ठिकाणी गेले. माझं स्ट्रेचर एका शाळेत आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब, अरुंद व्हरांड्यात, पाण्याच्या नळाजवळ मला भिंतीवर टांगलं. वर पाटी लावली: संकटकाळी वापरावे. नळ गळायचा. भिंतीला ओल होती. ती ओल हवेतून माझ्यापर्यंत यायची, रंगाच्या कडेने आत शिरायची आणि त्या फटीला बोट लावून बघायची.

वर्ग सुरू झाले की व्हरांडा रिकामा व्हायचा. ऊन फरशीवर चौकोन टाकायचं. सगळीकडून पाढ्यांचा आवाज यायचा, आणि मी बोलायचो. टिक्. मला बोलायचं नसायचं. झोपेत माणूस कूस बदलतो तेव्हा ठरवून बदलतो का? कधी दोन तासांत एकदा, कधी चार दिवसांत एकदा.

"पाल चुकचुकली," शिपाईमामा म्हणायचे आणि झाडूने भिंत झोडपायचे. पाल कधी सापडली नाही. मुलांना मात्र मी ठाऊक झालो होतो. मधल्या सुट्टीत ती एकेक करून भिंतीला कान लावायची. भिंत मोजते, अशी बातमी त्यांच्यात पसरली. काय मोजते? "ज्याच्या वेळी शंभर होतील तो गेला," असं सातवीतल्या एका मुलीने जाहीर केलं. तेव्हापासून पाणी प्यायला सगळी दोघा-दोघांनी येऊ लागली. घाईघाईने ओंजळ भरायची, माझ्याकडे पाठ करायची नाही आणि पळायची. लहान मुलं उगाच घाबरतात असं मोठी माणसं म्हणतात. त्या व्हरांड्यात फक्त लहान मुलांनाच काय ते कळत होतं.

तिकडे काय घडत होतं ते मला पुष्कळ नंतर समजलं.

चौतीस नंबर तुटला होता. डोंगरावर. एका लाकूडतोड्याचा पाय मोडला होता, त्याला कड्यावरून सोडत होते आणि कान मध्येच गेला. माणूस वाचला, पण पुन्हा चालला नाही. तुटलेला कान कारखान्यात परत आला आणि ताईंच्या टेबलावर पडला. ताई सबंध दिवस भिंगाला डोळा लावून बसल्या. संध्याकाळी त्यांनी काकांना बोलावलं.

"काका, बघा इथे. आतल्या बाजूला सगळे कण उलटेपालटे झालेत. आणि बाहेर ही चीर. याला ऊब मिळालीच नाही."

काकांनी भिंगाकडे पाहिलंच नाही. "मिळाली असेल कमी," ते म्हणाले.

"तुमच्या हातून?"

काका घरी गेले. काकू त्या दुखण्यातून बऱ्या झाल्या होत्या. डाव्या हाताने जेवायला शिकल्या होत्या. काकांनी ताटावर बसून त्यांना सगळं सांगितलं. काकूंनी घास खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यासाठी धावत आलात तेव्हा हे मागे टाकून आलात?"

"दुसरं काय करणार होतो?"

"यायचंच होतं. पण आठ पत्रे तिथेच ठेवून यायचं होतं. उठा. उद्या पहिलं काम हे."

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. ताईही होत्या. साहेब म्हणत होते, "चाळीसांत एखादा निघतो. कुठे नाही निघत?"

"एक नाही साहेब," काका म्हणाले. "आठ आहेत. मी थंड वाकवले."

ताई म्हणाल्या, "आणि मी वरचाच उचलला. रोज ट्रे उलटा करून घेते, त्या दिवशी नाही घेतला. पत्रं पाठवा साहेब. तुम्ही नाही पाठवली तर मी पाठवते."

पत्रं गेली. सहा कान परत आले. ताईंनी एकेक उघडला, प्रत्येकाच्या वळणावर चीर होती. सदतीस आला नाही. ते पत्र आमच्या शाळेत आलं होतं, पण मुख्याध्यापक बदलले होते, कपाट बदललं होतं, आणि पत्र कुठल्या तरी गठ्ठ्यात झोपलं.

मग काका मला शोधू लागले. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी. काकूंनी बांधून दिलेला डबा, हातात यादी आणि खिशात ताईंनी दिलेलं छोटं भिंग. अग्निशमन केंद्रं, दवाखाने, जलतरण तलाव, कारखाने. जिथे स्ट्रेचर टांगलेलं असेल तिथे जायचे, कानावरून बोट फिरवायचे, आकडा बघायचे. लोकांना वाटे, म्हातारबाबांचं काहीतरी बिनसलंय.

एका दुपारी ते माझ्या व्हरांड्यात आले.

मी त्यांना पावलांवरून ओळखलं. ते जवळ आले. त्या आधीच्या सुट्टीत शाळेला रंग देणारा रंगारी आला होता. उरलेला पिवळा रंग वाया कशाला घालवायचा, म्हणून त्याने माझ्यावर दोन जाड हात मारले होते. माझा आकडा त्या पिवळ्याखाली बुजला होता.

"हे जुनं आहे का हो?" काकांनी विचारलं.

"छे छे," शिपाईमामा म्हणाले. "रंग बघा की. कोरं करकरीत आहे."

"जरा रंग खरवडून बघू का?"

"आणि मला बोलणी बसली तर? मुख्याध्यापक बाईंनी परवाच सगळं चकाचक करून घेतलंय."

काकांनी माझ्या वळणावर बोट ठेवलं. दगडासारखं बोट. त्याला काही कळेना. मग त्यांनी वाकून कान लावला. त्यांचा श्वास मला लागत होता. मी गेली कित्येक वर्षं बोलत होतो, पालीसाठी, झाडूसाठी, मुलांसाठी. आता एकदाच बोलायचं होतं, आणि माझ्या आत सगळं निपचित होतं. एकही कण हलला नाही. काका बराच वेळ तसेच उभे राहिले. मग यादीतल्या एका ओळीवर त्यांनी रेघ मारली आणि जिना उतरले.

ते फाटकाबाहेर पडले असतील तेव्हा मी बोललो. टिक्. व्हरांड्यात कोणी नव्हतं.

त्यानंतर फट वाढत गेली. शाळेत संकटकाळचा सराव ठरला. दुसऱ्या मजल्यावरून एका विद्यार्थ्याला स्ट्रेचरवरून मैदानात उतरवून दाखवायचं होतं. खाली पालक खुर्च्यांवर बसले. वर व्यायामाचे सर दोर बांधत होते. पाचवीतली एक किडकिडीत मुलगी पुढे आली, तोच भूगोलाच्या बाई मध्ये पडल्या. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या, आवाज खणखणीत.

"आधी मी," त्या म्हणाल्या. "मला पेललं तर अख्ख्या शाळेला पेलेल."

मुलं खो खो हसली. बाई झोपल्या, पट्ट्या आवळल्या. सरांनी स्ट्रेचर उभं केलं आणि कठड्याच्या आत, दोराने फरशीपासून थोडं वर उचलून धरलं. बाईंचं डोकं माझ्याखाली टेकलं होतं. माझ्यावर पहिल्यांदाच एक अख्खं माणूस आलं होतं. मित्रांनो, माझ्या आत त्या क्षणी किती हात सुटले ते मी मोजू शकलो नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कानाशी काहीतरी वाजतंय."

"पाल असेल, बाई," शिपाईमामा म्हणाले.

"पाल माझ्या कानात येऊन बोलणार आहे का? उतरवा मला."

"बाई, सगळे पालक बघतायत," सर हळूच म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

"बघू देत. उतरवा म्हणते ना."

मागून त्या सातवीतल्या मुलीचा, आता दहावीत गेलेल्या मुलीचा आवाज आला. "सर, ते आजकाल सारखं वाजतं. आम्ही मोजतो."

सरांनी चेहरा वाकडा करून बाईंना सोडवलं. खाली पालकांत कुजबुज झाली. बाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू आणा. पोत्यात भरा. माझ्याएवढी. लाजू नका, चांगली भरा."

दोन पोती बांधली. स्ट्रेचर कठड्याबाहेर गेलं. एक हात खाली, दोन हात खाली. पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर आलो आणि मी तुटलो. आवाज मोठा नव्हता. लाकडी पट्टी मोडावी एवढाच. स्ट्रेचर गेलं, पोती फुटली, आणि सिमेंटवर वाळू पसरली. तिचा आकार हात पसरून पडलेल्या माणसासारखा झाला होता. तिच्यावरून कोणी नजर उचलली नाही. किडकिडीत मुलीची आई खुर्चीवरून उठली आणि तशीच उभी राहिली.

सरांनी खाली येऊन माझा तुकडा उचलला. तुटलेल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग काळा होता, जुनाट, आणि उरलेला पातळसा भाग चकचकीत. काळा भाग म्हणजे माझी सगळी वर्षं. चकचकीत म्हणजे आताचा क्षण. पिवळा रंग उडाला होता, त्याखाली आकडा दिसत होता.

कारखान्यात फोन गेला. संध्याकाळपर्यंत काका आले. त्यांनी माझे दोन्ही तुकडे हातात घेतले, आकडा वाचला, आणि मैदानाच्या पायरीवर बसले.

"मी वाकवला होता हा," ते भूगोलाच्या बाईंना म्हणाले. "मी इथे येऊनही गेलो होतो. कान लावून गेलो."

बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. रागावायचं होतं त्यांना. तो राग मला त्यांच्या उभं राहण्यात दिसत होता.

"आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"हा शेवटचा."

"नक्की?"

"आठच होते. एकाखाली माणूस होता."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. मग काका उठले, शिपाईमामांकडून झाडू मागून घेतला आणि सगळी वाळू स्वतः गोळा केली, शेवटच्या कणापर्यंत. त्यांना कोणी मदत करू लागलं की ते नुसता हात वर करत.

आता मी ताईंच्या टेबलावर असतो. माझ्यात ताण उरला नाही, म्हणून आवाजही उरला नाही. नवा कामगार आला की ताई माझे दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवतात आणि काहीही न सांगता त्याला पाच मिनिटं तसंच उभं करतात. सगळ्यांना वाटतं, किती हलका आहे. मग बोटं त्या काळ्या कडेला लागतात आणि त्यांचे हात गार पडतात.

मित्रांनो, घाईत केलेलं काम दिसायला चांगल्या कामासारखंच दिसतं. ते रंगवता येतं, टांगता येतं, त्यावर पाटीही लावता येते. म्हणून तुमच्या शाळेत, इमारतीत, दवाखान्यात जे काही माणसाचा भार पेलायला टांगलं आहे, त्याच्यापाशी कधीतरी जा. मोठ्या माणसांना रंग खरवडून बघायला लावा. ती चिडली तरी लावा. मला आयुष्यात एकही माणूस नीट खाली उतरवता आला नाही. मी तुटलो तेव्हा माझ्यावर वाळू होती, एवढीच माझी पुण्याई. आणि तीही माझी नव्हे, एका बाईंनी थांबा म्हटलं म्हणून मिळालेली.